दवंडी आमची, मजकूर कुणाचा?

मंडळाच्या निवडणुकीत प्रसिद्धी सचिव हे पद कुणाला नको असतं. अध्यक्षपदाला चौघं उभे राहतात, रात्री बारा बारा वाजता खोल्या हिंडतात, एरवी तोंड न बघणाऱ्याला चहा पाजतात. खजिनदारकीसाठी आतल्या आत काय चालतं ते बोलायला नको. प्रसिद्धी सचिव मात्र बिनविरोध. ज्याला कुठंच बसवता येत नाही त्याला तिथं बसवायचं. चिकटपट्टी लावायचं काम, बोर्ड रंगवायचं काम, पाहुण्यांचे फोटो काढायचं काम. 'त्याचं अक्षर बरंय, टाका त्याला.' झालं.

ह्या वर्षी ह्या पदाला मी उभी आहे. उरलंसुरलं म्हणून कुणी पदरात टाकलेलं मला नकोय. लढून पायजे. समोर एक उमेदवार आहे, तो आता आतापर्यंत सांस्कृतिकला जाणार होता. मी अर्ज भरल्यावर त्याला एकाएकी प्रसिद्धीची आवड निर्माण झाली. म्हंजे ह्या पदात काहीतरी आहे, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आपल्यालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या विद्यापीठाचं नाव इथं लिहीत नाही. वाचणाऱ्याला आपापलं वाटेल, तेच बरं.

मित्रहो, जरा मागं जाऊ. गावाचा प्रसिद्धी सचिव कोण होता? आपला आजा. येसकर. काठी आपटत, घुंगरं वाजवत गावभर फिरायचा. 'ऐका हो ऐका, उद्या पाटलाच्या वाड्यावर चावडी भरणार, सारा भरायचा हाय.' कुणी मेलं की सांगावा घेऊन दहा दहा कोस पायी जायचा, उपाशी. त्या घरात रडारड सुरू झाली की हा उंबऱ्याबाहेर बसून राहायचा, भाकरीची वाट बघत. सरकारी टपाल न्यायचं, तालुक्याला वसूल पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं. गावातली प्रत्येक बातमी त्याच्या तोंडून बाहेर पडायची. आणि त्या सगळ्या आयुष्यात एकही बातमी त्याची नव्हती. आवाज त्याचा, मजकूर पाटलाचा. विहिरीवर आपल्या पोरीला दगड मारला, ह्याची दवंडी कधी कुणी पिटली नाही. पिटणारा तर घरातच होता!

हे काम पाळीनं यायचं. ह्या साली ह्या घराची येसकर पाळी, पुढच्या साली त्या घराची. इंग्रजानं १८७४ च्या वतन कायद्यात हे सगळं नीट बांधून दिलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचं बिल आणलं, ते पुढं मागं घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब तेव्हा नव्हते. कायद्यानं वतन गेलं. पण काम वाटून देणारं डोकं गेलं का, ते विद्यापीठात येऊन बघा. पोस्टर चिकटवायला आमची पोरं, खुर्च्या लावायला आमची पोरं, माईक टेस्टिंग वन टू थ्री करायला आमची पोरं. पोस्टरवर काय लिहायचं ते मात्र दुसऱ्याच खोलीत ठरतं. त्या खोलीत कॉफी असते.

आता दुसरी बाजू. आपल्या लोकांनी मजकूर स्वतःच्या हातात घेतला तेव्हा काय झालं, तेही बघू. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' काढलं. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं. त्या पत्रात मुरळी सोडायची चाल बंद करा म्हणून आवाहन छापलं, तर शिवूबाई लक्ष्मण जाधव नावाच्या एका मुरळीनं उलट पत्र लिहून आपली कहाणी सांगितली. आणि ते पत्र छापलं गेलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' ह्या पुस्तकात मी हे वाचलं आणि कितीतरी वेळ पुढचं पान उलटलं नाही. त्या बाईच्या कहाणीवर गावानं शंभर गोष्टी रचल्या असतील. पण तिचं म्हणणं तिच्या शब्दांत कागदावर उतरलं, कारण पत्र निवडणारा माणूस आपला होता. दुसरा कुणी असता तर ते पत्र टोपलीत गेलं असतं.

मग ३१ जानेवारी १९२०, 'मूकनायक'. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक, सरकारी नोकरीत, त्यामुळं संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकरांचं नाव. 'केसरी'ला जाहिरात पाठवली. फुकट नव्हे, पैसे मोजून. 'केसरी'नं छापली नाही. टिळक तेव्हा हयात होते. बघा, लेख नव्हता, अग्रलेख नव्हता, टीका नव्हती. असं असं पाक्षिक निघतंय, एवढी साधी सूचना. तीसुद्धा नाकारली. पैसे घेऊनसुद्धा नाकारली, म्हंजे बनियागिरीच्याही वर त्यांची निष्ठा होती! १९२७ च्या एप्रिलात 'बहिष्कृत भारत' निघालं, तेव्हा चोवीस चोवीस रकाने बाबासाहेबांना एकट्याला लिहून काढावे लागत. बॅरिस्टर माणूस, डी.एस्सी., कायदे मंडळाचा सभासद. रात्री बसून रकाने भरतोय. त्यांना कुणी म्हणालं का, साहेब, हे कारकुनी काम तुम्ही कशाला करता?

म्हणून जे आपलेच पोरगे मला म्हणतात, 'अगं, एवढंसं पद काय लढवतेस, अध्यक्षपद लढव, नाहीतर सोड', त्यांना मी आधी विचारते, आपल्या मंडळाचा कारभार तुम्ही कधी नीट बघितलाय का? अध्यक्ष वर्षातून चार वेळा बोलतो. एकदा स्वागत, एकदा आभार, एकदा स्नेहसंमेलन आणि एकदा भांडण. प्रसिद्धी सचिव रोज बोलतो. तो जे सांगेल ते झालं, तो जे गाळेल ते झालंच नाही.

पुरावा पायजे? घ्या.

मागल्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत आमच्यातल्या दोघांनी मेसचा प्रश्न काढला. पाण्याच्या पिंपाशी ज्या गोष्टी चालतात त्या नावानिशी सांगितल्या. कोण ग्लास बाजूला ठेवतो, कोण कुठल्या टेबलावरून ताट उचलून दुसरीकडं जातो. पाऊण तास खडाजंगी झाली. एक सर उठून गेले. सभेचं इतिवृत्त पंधरा दिवसांनी लागलं. त्यात काय लिहिलंय? 'ऐनवेळच्या विषयांवर खेळीमेळीच्या वातावरणात चर्चा झाली.' खेळीमेळीच्या! मी ते वाक्य वहीत उतरून घेतलंय. पुढं त्याच प्रश्नावर अर्ज घेऊन गेलो तर विचारलं, हा विषय सभेत आला होता का? आला होता. इतिवृत्तात दिसत नाही. म्हंजे पाऊण तास आम्ही वाऱ्याशी बोललो. इतिवृत्त लिहायचं काम आमच्या मंडळात सचिवाचं, पण सचिवाला लिहायचा कंटाळा, म्हणून गेली काही वर्षं ते प्रसिद्धीकडं आहे. हे घटनेत कुठं लिहिलेलं नाही. असंच चालत आलंय. सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी अशाच चालत आलेल्या असतात.

दुसरं. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. तीनशेच्या वर पोरं त्यात. लिहायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला आणि अ‍ॅडमिन ठरवील त्याला. ट्रेकची सूचना तीन वेळा आली, चित्रासकट, ढगांसकट. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज नव्यानं भरायची मुदत संपायची होती, ती सूचना ऑफिसानं मंडळाकडं दिली होती चार दिवस आधी. ग्रुपवर आली शेवटच्या रात्री साडेअकराला. आता साडेअकराला उत्पन्नाचा दाखला कुठून आणायचा? तहसीलदाराला झोपेतून उठवायचा? ह्यात कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. तसं असतं तर सोपं होतं, एकाची कॉलर धरली असती. ज्याला शिष्यवृत्तीची गरज नाही त्याच्या डोक्यात ती सूचना आलीच नाही, एवढंच. ट्रेक आला. ज्याचं पोट भरलंय त्याला दुसऱ्याची भूक आठवत नाही, ह्यात दुष्टपणा लागत नाही. पण आमच्या एका पोराचं वर्षाचं पैशाचं गणित कोसळलं. तो आता सकाळी पेपर टाकतो आणि दुपारी तासाला झोपतो. सर म्हणतात, ही मुलं सिरियस नाहीत.

तिसरं सांगताना माझा हात थांबतो, तरी सांगते. ज्यांना फी माफ आहे त्यांची यादी ऑफिसानं कागदपत्रं अपुरी म्हणून काढली. ती मंडळाच्या बोर्डावर लागली, ग्रुपवर आली. नाव, वर्ग, खोली क्रमांक आणि जात. रकाना तसाच. कुणाला तो झाकावासा वाटला नाही. पहिल्या वर्षाची एक पोरगी, आडनावावरून काही कळत नव्हतं, तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं, तो तिचा हक्क होता. त्या रात्रीपासून तिच्या खोलीतल्या दोघींचं बोलणं बदललं. ती आठ दिवस मेसला आली नाही, बिस्किटं खाऊन राहिली. आम्हाला कळलं तेव्हा आम्ही प्रसिद्धी सचिवाकडं गेलो. तो भला पोरगा आहे, खरंच भला. तो म्हणाला, 'मला जशी आली तशी मी फॉरवर्ड केली.' येसकरही हेच म्हणाला असता. पण येसकराला वाचता येत नव्हतं, आणि वाचलं असतं तरी बदलायची त्याची प्राज्ञा नव्हती. हा तर एम.ए. करतोय.

चौथं लहान आहे. आरक्षणावरचा एक घाणेरडा विनोद ग्रुपवर आला, दोन दिवस राहिला, हसण्याचे पिवळे चेहरे खाली साचत गेले. आमच्या एका मैत्रिणीनं उत्तर लिहिलं, शिवी न देता, आकडे देऊन. तासाभरात तिचं लिहिणं काढलं गेलं आणि खाली सूचना: 'कृपया राजकीय मजकूर टाकू नये.' विनोद राजकीय नव्हता. उत्तर राजकीय होतं.

आणि वार्षिक अंकात १४ एप्रिलचा अहवाल किती? एक ओळ. 'जयंती उत्साहात साजरी करण्यात आली.' कर्त्याचं नावसुद्धा नाही, करण्यात आली. कुणी केली? वर्गणी कुणी काढली, व्याख्याता कोण होता, तो काय बोलला, प्रश्न काय आले? गणपतीला चार पानं, रंगीत.

तर मला हे पद का पायजे, हे कळलं असेल.

कुणी म्हणेल, हा तुमच्या एका मंडळातला कपबशीतला कालवा. असं असतं तर २०१५ च्या मे महिन्यात मद्रासच्या आयआयटीनं आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलची मान्यता का काढून घेतली? त्यांनी बंदूक घेतली नव्हती. एक पत्रक काढलं होतं. निनावी तक्रार दिल्लीला मंत्रालयात गेली, मंत्रालयानं संस्थेकडं विचारणा केली आणि पोरांच्या अभ्यासमंडळाची मान्यता गेली. देशभर बोंब झाली, जूनमध्ये मान्यता परत द्यावी लागली. एका पत्रकाला दिल्ली हलते. आणि आपण म्हणतो, प्रसिद्धी म्हंजे चिकटपट्टी!

हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच संशोधक विद्यार्थ्यांना २०१५ च्या डिसेंबरात शिक्षा झाली. शिक्षा नीट वाचा. वसतिगृहातून बाहेर. वसतिगृहात, प्रशासनाच्या इमारतीत आणि सार्वजनिक जागी गटानं यायला बंदी. आणि विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत भाग घ्यायला बंदी. रोहित वेमुला त्या पाचांतला एक. पहिल्या दोन गोष्टी गावानं आपल्यावर हजार वर्षं केल्या, त्या ओळखीच्या आहेत. तिसरी नवी. निवडणूक जर पोरखेळ असेल तर तिच्यातून माणूस हाकलायची गरज का पडली? त्या पाचांनी विद्यापीठाच्या आवारात उघड्यावर तंबू ठोकला आणि त्याला नाव दिलं वेलिवाडा. तेलुगूत गावाबाहेरची दलितवस्ती. एका शब्दात त्यांनी अख्ख्या विद्यापीठाचा नकाशा काढून दाखवला. १७ जानेवारी २०१६ ला रोहित गेला. नाव राहिलं. हेही प्रसिद्धीचंच काम होतं, मित्रहो, मी ह्याहून मोठं काम बघितलेलं नाही.

आता आमच्या मंडळातल्या दोन खुर्च्यांबद्दल. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका बंद झाल्या. मारामाऱ्या होतात, खून पडतात म्हणून. म्हंजे डोकं दुखतं म्हणून मुंडी छाटली. पुढं गुणवत्तेवर नेमणुका होऊ लागल्या, आणि कुणाची गुणवत्ता ते तुम्हाला माहीत आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या, २०१९ साली त्या जाहीरही झाल्या आणि पुढं ढकलल्या. त्या कायद्यात विद्यार्थी परिषदेला अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी आहे. अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, इतर मागास, ह्या सगळ्यांत मिळून एक, आणि तो आळीपाळीनं. पुन्हा पाळीच आली बघा! आमच्या मंडळानं त्याची नक्कल केली आणि दोन खुर्च्या लावल्या, महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रतिनिधी.

ह्या खुर्च्या मी लाथाडत नाही. त्या मिळवायला लोकांनी घाम गाळलाय. पण ह्या प्रतिनिधीचं काम काय, हे घटनेत शोधा. सापडत नाही. अध्यक्षानं सभा चालवावी, खजिनदारानं हिशेब ठेवावा, प्रसिद्धी सचिवानं सूचना काढाव्यात. प्रतिनिधीनं? प्रतिनिधीनं असावं. फोटोत असावं. तर आपल्या पोरांनी मला काय सुचवलं? 'तू महिला प्रतिनिधीला अर्ज भर, तुला बिनविरोध आणतो.' म्हंजे मी बाई म्हणून त्या खुर्चीत, आपला एक दादा त्या शेजारच्या खुर्चीत, आणि कामाच्या सात खुर्च्या ज्यांच्या त्यांच्याकडं. मी म्हणाले, मला असायचं नाही, करायचंय. दादा लोकांना राग आला. येऊ दे. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून 'बायकांनी प्रतिनिधी व्हावं' म्हणणाऱ्यांचा राग मी मनावर घेत नाही. जयंतीच्या स्वयंपाकाची यादी करायला मी चालते, सूचना लिहायला चालत नाही?

समोरून येणारे आक्षेप तर जुनेच. 'मंडळात जात आणू नका.' आम्ही आणली? यादीतला रकाना कुणी लावला? 'तुला डिझाइन येतं का?' येत नव्हतं, मोबाईलवर शिकले, तीन रात्री लागल्या. त्यात काही ब्रह्मविद्या नाही, चौकटी असतात, आपण अक्षरं भरायची. 'इंग्रजी चांगलं लागेल.' हा खरा डाव आहे. आमच्या मंडळाच्या सगळ्या सूचना इंग्रजीत निघतात, तेही असल्या इंग्रजीत की साहेबाला घाम फुटावा. निम्मी पोरं मराठी माध्यमातून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली. ती सूचना वाचतात, समजल्यासारखं करतात आणि शेजाऱ्याला विचारतात. शेजारी जे सांगेल ती सूचना. मला इंग्रजी येतं, पुरेसं येतं. पण पुण्यामुंबईत वाढलेल्याला मराठी सूचना लिहिता येते का, हे कुणी विचारत नाही.

'तू निवडून आलीस तर मंडळ एका समाजाचं होईल.' ही भीती मोठी गमतीची आहे. इतकी वर्षं कुठल्या समाजाचं होतं?

आणि आपल्यातला सगळ्यात जहाल आक्षेप, जो मला खरोखर विचार करायला लावतो: 'त्यांच्या मंडळात जाऊन बाटशील. आपला वेगळा ग्रुप आहे, वेगळं पान आहे, तेवढं पुरे.' हे पान आहेच. हे आपण हातानं काढतो, हातानं वाटतो, शाईनं बोटं काळी करतो, आणि ह्यातली एकही ओळ कुठला अ‍ॅडमिन पुसू शकत नाही. पण शिष्यवृत्तीची सूचना ह्या पानाकडं येत नाही. ऑफिस ती मंडळाकडं देतं. बोर्डाची किल्ली मंडळाकडं असते. इतिवृत्त मंडळाचं चालतं, आपल्या वहीतलं चालत नाही. १९२७ साली बाबासाहेब कायदे मंडळात बसत होते आणि 'बहिष्कृत भारत'ही काढत होते. एक हात आत, एक हात बाहेर. बाहेरचा हात सोडून आत गेलेले आपले किती पुढारी कुठं जाऊन बसले ते मोजायला हा अंक पुरणार नाही. मी बाहेरचा हात सोडणार नाही. आणि बाटायचं म्हणाल तर, आपण बाटलेलेच होतो ना त्यांच्या हिशेबानं?

निवडून आले तर काय करणार, ते लिहून देते, म्हंजे उद्या माझ्या तोंडावर मारता येईल. ऑफिसाकडून आलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी लागेल, मराठीत आणि इंग्रजीत, आणि खाली लिहिलेलं असेल ती ऑफिसातून कधी आली. उशीर कुठं झाला ते सगळ्यांना दिसलं पायजे. पैशाच्या आणि मुदतीच्या सूचना आधी, ट्रेक मागनं. जातीचा रकाना असलेला एकही कागद माझ्या हातून बाहेर जाणार नाही, मग तो कुणीही सही करून पाठवलेला असो. ज्याचं कागदपत्र अपुरं त्याला मी खोलीवर जाऊन सांगेन, जिने चढायची मला सवय आहे. इतिवृत्तात बोलणाऱ्याचं नाव आणि म्हणणं येईल, आणि पुढच्या सभेत ते आधी मोठ्यानं वाचलं जाईल. ज्याला वाटतं आपलं म्हणणं चुकीचं लिहिलं, त्यानं उभं राहून सांगावं, ते दुरुस्त होईल. हे माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यालाही लागू. ग्रुपवर कुणाची थट्टा आली तर ज्याची थट्टा झाली त्याला तितक्याच जागेत उत्तर द्यायचा हक्क. आणि ग्रुपचे, पानांचे सगळे पासवर्ड एका कागदावर लिहून पुढच्या सचिवाला सही घेऊन देणार. आत्तापर्यंत दोन सचिव पास होऊन गेले आणि किल्ल्या खिशात घेऊन गेले, त्यातला एक नोकरीला लागला तरी अजून अ‍ॅडमिन आहे.

गणपतीची पानं कापणार का, असं एकानं विचारलं. नाही. मोजून देणार. जयंतीला जितकी तितकी.

आता निवडणुकीचं. आमच्या मंडळानं लिंगडोह समितीचे नियम उचललेत, २००६ साली सुप्रीम कोर्टानं लागू केलेले. त्यात वयाची अट आहे. पदव्युत्तरला चोवीस-पंचवीस, संशोधकाला अठ्ठावीस. ज्यानं कधी शिक्षणात खंड पाडलेला नाही अशा माणसाच्या मापाचा हा अंगरखा आहे. आपल्यातला जो बारावीनंतर दोन वर्षं ऊसतोडीला गेला, बहिणीचं लग्न उरकून आला, तो पंचविशीत एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असतो आणि उमेदवारीच्या बाहेर. ह्यावर वेगळं लिहायला हवं, कुणीतरी लिहा. मी वयात बसते, एवढ्यापुरती वाचले. पण त्याच नियमांत एक कलम आपल्या सोयीचं निघालं. उमेदवाराला छापील पोस्टर, छापील पत्रक वापरता येत नाही. फक्त हातानं केलेली पोस्टरं, आणि खर्च पाच हजारांच्या आत. समोरच्या उमेदवाराचा काका फ्लेक्सवाला आहे, बिचाऱ्याची पंचाईत झाली. आपली पन्नास वर्षं हातानं लिहिण्यातच गेली.

(सायक्लोस्टाइल छापील की हातानं केलेलं, असा वाद कुणी काढील. म्हणून हा अंक मी प्रचाराला वापरणार नाही. तो नेहमीसारखा नेहमीच्या लोकांना जाईल. त्यांनी वाचून काय करायचं ते त्यांचं ते बघतील.)

तर पोस्टरं हातानं करायचीत, चाळीस तरी. कागद आणलाय, शाई आणलीय, निळी आणि काळी. ज्यांचं अक्षर ठसठशीत आहे त्यांनी रविवारी संध्याकाळी मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर कट्ट्यावर यावं. मुलांनी पण यावं. मजकूर आधी सगळे मिळून ठरवू, मग लिहू. जे नुसतं लिहायला येतील आणि मजकुराला थांबणार नाहीत त्यांनी येऊ नये.

जय भीम.